बसून आखलेली पावलं

माझा दादा बोलत नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला तोटा. दुसरा तोटा म्हणजे मी. मी फार बोलते, आणि गिऱ्हाइकाला जे ऐकायचं नसतं नेमकं तेच बोलते. अशी आम्ही दोन भावंडं एका दुकानात तीस वर्षं कशी टिकलो ते देव जाणे. तो जोडे करतो, मी आतलं अस्तर शिवते. तो सहासष्टचा, मी एकसष्टची. दुकान म्हणजे लांबट खोली. पुढे गिऱ्हाइकाची खुर्ची, तिच्यासमोर दादाचं बुटकं स्टूल, मागे माझं मशीन आणि भिंतभर लाकडी पावलं. एकेका पावलावर एकेका माणसाचं नाव. पहिल्यांदा येणारा माणूस ती भिंत बघून जरा दचकतो, आणि मला ते आवडतं.

आमचे जोडे साध्या पायांचे नव्हेत. आमच्या आईला साखरेचा आजार होता आणि त्यात तिचे पाय हळूहळू बधिर झाले. एके दिवशी घरभर लाल ठसे दिसले म्हणून मी ओरडले. आईने खाली बघितलं आणि म्हणाली, "अगं, कुणी काय सांडलं हे?" तिच्या चपलेतून खिळा वर आला होता आणि सकाळपासून ती त्याच्यावर चालत होती. दोन महिन्यांनी तो पाय कापला, वर्षभराने आई गेली. दादा तेव्हा बाजारातल्या एका जोड्यांच्या दुकानात नोकरीला होता. आईच्या उरलेल्या पायासाठी त्याने रात्रंदिवस खपून एक मऊ जोडा केला. मग नोकरी सोडली, आणि तेव्हापासून तो असेच जोडे करतो. त्या पायांना तो 'मुके पाय' म्हणतो. "दुखणं ही पायाची वाचा असते," असं तो एकदा म्हणाला होता. दादाच्या तोंडून आलेलं सलग वाक्य म्हणून मला ते अजून पाठ आहे.

आमच्या दुकानासमोर मोठं हॉस्पिटल होतं, म्हणून आमचं चालत होतं. डॉक्टर चिठ्ठी द्यायचे आणि माणूस रस्ता ओलांडून यायचा. दोन वर्षांपूर्वी ते हॉस्पिटल शहराबाहेर गेलं आणि आमची खुर्ची रिकामी पडली. आठवड्यात एखादा माणूस आला तर आला. दादा जुनीच लाकडी पावलं पुसून पुन्हा जागेवर ठेवायचा. मला ते बघवायचं नाही, मग मी चिडायचे.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, एका कंपनीत दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवते. लहानपणापासून ती प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून घरात तिला सगळे वकील म्हणतात. ती एका रविवारी लॅपटॉप घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येत नसेल तर आपण त्याच्या घरात जायचं."

"कसं?" मी विचारलं. दादा अर्थातच गप्प.

"वेबसाइट काढायची. आता पूर्वीसारखं सगळं स्वतः लिहीत बसावं लागत नाही, आत्या. तयार ठोकळे मिळतात. हा फोटोंचा ठोकळा, हा माहिती भरायच्या फॉर्मचा, हा पार्सल कुठपर्यंत पोचलं ते दाखवणारा. आपण फक्त नीट जोडायचे."

"बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणे. तुझा बाप तर तोंडच उघडत नाही."

"म्हणून तर वेबसाइट. त्याच्या वतीने ती बोलेल."

मी नाक मुरडलं. पण खरं सांगायचं तर त्या पोरीने काम मन लावून केलं. साखरेच्या आजारात डोळेही अधू होतात, म्हणून अक्षर मोठं करायचं बटण वरच ठेवलं. वाचता येत नसेल त्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय केली. दादाच्या जोड्यांचे आतून, बाहेरून, तळाकडून फोटो काढले. आणि माप घ्यायची रीत लिहायला ती कागद घेऊन बसली. "बाबा, तुम्ही माप कसं घेता ते टप्प्याटप्प्याने सांगा."

दादाने जरा विचार केला. "खुर्चीवर बसवतो. पायाखाली कागद ठेवतो. पेन्सिल उभी धरून पावलाभोवती फिरवतो."

"झालं?"

"झालं."

तिने तसंच लिहिलं. गिऱ्हाइकाने घरी खुर्चीवर बसायचं, पाऊल कागदावर ठेवून आखायचं, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि फॉर्ममध्ये चढवायचा. इकडे तो फोटो खऱ्या मापाचा होऊन छापून निघायचा आणि दादा त्यावरून लाकडी पाऊल तासून त्याच्यावर जोडा चढवायचा.

चौथ्या दिवशी पहिली ऑर्डर आली. मी ज्या गावाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं तिथून. मग कुठल्याशा डॉक्टरांनी आमचं पान आपल्या रोग्यांना दाखवलं, आणखी चार आल्या. वकील नकाशा उघडून दाखवायची. जिथून कुणी आमचं पान बघितलं तिथे ठिपका. दादा तोंडाने काही म्हणायचा नाही, पण रोज सकाळी कुलूप उघडल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "काही आलं का?" तीन महिन्यांत नऊ जोड गेले. भिंतीवर नऊ नवी पावलं लागली. माझं मशीन पुन्हा संध्याकाळपर्यंत चालायला लागलं आणि मी मनातल्या मनात त्या पोरीची माफी मागितली. तोंडाने नाही. तिला डोक्यावर कोण बसवून घेणार!

त्याच दिवसांत एकदा दादा हातात छापील पाऊल धरून म्हणाला होता, "या लांबच्या लोकांची पावलं बारीक असतात का गं?"

"असतील," मी म्हटलं. "चालत असतील बिचारे भरपूर." आणि दोरा ओवला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य ते.

मग तो शनिवार आला. वकिलीला साइटवर एक व्हिडिओ टाकायचा होता, दादा माप घेतानाचा. गिऱ्हाईक म्हणून मला खुर्चीत बसवलं. सकाळचे साडेनऊ, दारातून ऊन आत आलेलं, ती मोबाइल धरून उभी. दादाने कागद ठेवला, माझं पाऊल उचलून त्यावर ठेवलं, आणि पेन्सिलीने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. मी उठून उभी राहिले. तो वाकून पेन्सिल फिरवायला लागला.

"थांबा," वकील म्हणाली. "बाबा, आत्याला उभं का केलंत?"

"मग?" दादा वर न बघता म्हणाला. "बसून पाऊल कसं आखणार? अंगाचा भार पडल्यावर पसरतं ते. बसलेलं पाऊल अर्ध्या बोटाने अरुंद."

मोबाइल तिच्या हातात तसाच राहिला. "साइटवर आपण बसून आखायला सांगितलंय."

दादाने मान वर केली. त्याचा तसा चेहरा मी आईच्या वेळेला बघितला होता, त्यानंतर आज. तीस वर्षं तो गुडघ्यावर पेन्सिल वाजवतो आणि माणूस उभा राहतो. त्यासाठी त्याला कधी तोंड उघडावं लागलं नाही, म्हणून सांगताना ते त्याला आठवलंच नाही. आणि मी? मी तीस वर्षं ते बघत होते. जगाला नको ते ऐकवणारी मी, या एका गोष्टीला तेवढी मुकी राहिले.

"नऊ जोड," दादा म्हणाला.

साध्या पायाला जोडा घट्ट झाला तर माणूस शिव्या देतो आणि काढून ठेवतो. मुका पाय शिव्या देत नाही. जोडा कातडी घासतो, मग मांस घासतो, आणि माणूस मजेत चालत असतो. ज्यापासून वाचवायला दादाने जन्म घालवला, तेच त्याने स्वतःच्या हाताने शिवून, डब्यात घालून, लोकांच्या घरी पाठवलं होतं. माझं तर धाबं दणाणलं.

वकील मात्र रडत बसली नाही. ती खाली बसली, लॅपटॉप उघडला आणि मिनिटभरात नऊही माणसं समोर आली. नाव, फोन, पत्ता, पार्सल कधी पोचलं, पायाला जाणीव आहे की नाही, सगळं. दुकानात आलेल्यांची आमची वही असती तर निम्म्यांचे पत्तेही सापडले नसते. तिने आधी साइटवरची ती ओळ बदलली, वर लाल पट्टी लावली, आणि नऊ जणांना निरोप पाठवला : जोडे ताबडतोब काढा, माप चुकलं आहे, पाय तपासा, फोन करा.

दहाच्या आत सहा जणांचे फोन आले. त्यांचे पाय जागे होते. कुणाला टाचेचा त्रास, कुणाचं एक पाऊल वाकडं. सहाही जणांनी आधीच चिडून जोडे काढून ठेवलेले. एका बाईंनी दादाला असं काही झाडलं की एरवी असतं तर मी तोंडाला तोंड दिलं असतं. दादा नुसता म्हणत होता, "बरं केलंत. फार बरं केलंत."

राहिले तीन, आणि तिघांचेही पाय मुके. त्यातल्या दोघांनी लिहून उत्तर दिलं. एक आजोबा : "जोडे उत्तम आहेत, काही त्रास नाही, तरी काढले." एक शाळेतल्या बाई : "छान बसतात. काळजी करू नका." वकिलीने त्यांच्या नावापुढे हिरवी खूण केली. मी सुस्कारा सोडला.

नववा पोस्टमन होता. फॉर्म त्याच्या बायकोने भरला होता. शेवटच्या मोकळ्या चौकटीत तिने लिहिलं होतं, "हे डोंगरातल्या वस्त्यांवर टपाल वाटतात. रोज चौदा किलोमीटर चालणं आहे. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, तेवढे पाय टिकावेत." पार्सल परवा पोचल्याचं साइट सांगत होती. बायकोचा फोन लागत नव्हता. वकील लावत होती, बंद. पुन्हा लावत होती, बंद. दादा दारापर्यंत जायचा, परत यायचा. मग त्याने खुंटीवरची पिशवी काढली.

"कुठे निघालास?" मी म्हटलं.

"तिकडे."

"दहा तासांची बस आहे! पोचशील तोवर तो दोनदा डोंगर चढून उतरलेला असेल."

"मग काय करू? बसू?" तो माझ्यावर ओरडला. दादा माझ्यावर ओरडला की कसं वाटतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

मीच स्क्रीनकडे बघत होते म्हणून मला दिसलं. पार्सलचा पत्ता घराचा नव्हताच, पोस्टाचा होता. पोस्टमन तो, पार्सल स्वतःच्या पोस्टातच मागवणार की! काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालत बसलो होतो. वकिलीने त्या पोस्टाचा नंबर शोधला. फोन पोस्टमास्तरांनी घेतला. तिने सगळं सांगितलं आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"गेले की ते आठलाच," पोस्टमास्तर म्हणाले. "आजच नवे जोडे घातले. मला मुद्दाम दाखवून गेले. म्हणाले, साहेब, घातल्याचं कळतसुद्धा नाही."

दादाने भिंतीवरून पोस्टमनचं लाकडी पाऊल काढलं.

"त्यांना थांबवता येईल का?" वकिलीने विचारलं.

"वर रेंज नाही. तिसऱ्या वस्तीवर एका बाईंचं दुकान आहे, तिथे लागतो फोन. अकरापर्यंत ते तिथे पोचतात. मी निरोप ठेवतो आणि गाडी घेऊन मागून निघतो. तुमचा नंबर द्या."

तेव्हा दहा पंचवीस झाले होते. पुढचा जवळजवळ तासभर मी कसा काढला ते मलाच ठाऊक. मी अस्तराचा एक तुकडा शिवला, उसवला, पुन्हा शिवला. वकील लाल पट्टीतली अक्षरं मोठी करत होती, लहान करत होती. दादा पोस्टमनचं लाकडी पाऊल मांडीवर घेऊन बसला होता आणि करंगळीच्या मुळाशी अंगठा फिरवत होता. तिथेच दाबणार होतं ते. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मला वाटलं तो आज दुसऱ्या वाटेने गेला. मला वाटलं त्या बाईंनी आज दुकानच उघडलं नाही. माणसाचं मन एरवी आळशी, पण अशा वेळी किती झपाट्याने कामाला लागतं!

अकरा वीसला फोन वाजला.

"मी पोस्टमन बोलतोय. निरोप मिळाला. काय झालं हो?"

"बसा आधी," दादा म्हणाला. "जोडे काढा. दोन्ही."

"काढतो. पण जोडे झकास केलेत तुम्ही. कुठे टोचत नाहीत, चावत नाहीत..."

"तुम्हाला टोचणारच नाही!" दादा ओरडला. "तेच तर सांगतोय!"

मग पोस्टमनचा आवाज आला, जरा खालचा. "बाई म्हणतायत, उजवा मोजा ओला आहे."

"कसला ओला?"

"गडद रंगाचा मोजा आहे, कळत नाही."

"मोजा हळू काढा. तुम्ही बघू नका, त्यांना बघू द्या. आणि फोटो पाठवा."

दुकानवाल्या बाईंनी फोटो काढून आमच्याच फॉर्ममध्ये चढवला. पाऊल आखलेला कागद जिथून यायचा तिथूनच. रेंज कमी होती. अर्धा फोटो आला, थांबला. आधी घोटा दिसला, मग टाच. आम्ही तिघं त्या चौकोनात डोकी घालून होतो. मग बोटं आली. करंगळीच्या मुळाशी रुपयाएवढा फोड, एका कडेने फुटलेला. दादाने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"पाणी आहे," तो म्हणाला. "रक्त नाही. खालची कातडी जिवंत आहे."

मग तो कधी नव्हे तेवढं बोलला. फोड धुवा, स्वच्छ कापडाने झाका, पोस्टमास्तर आले की गाडीवरून थेट डॉक्टरकडे जा, दहा दिवस पायात काही बंद घालू नका.

"दहा दिवस? मग टपाल कोण वाटणार? आठच महिने राहिलेत माझे."

"पाय त्याच्या पुढेही लागतील." दादा थांबला. "चूक माझी आहे. तुम्हाला बसून पाऊल आखायला लावलं, ते उभं राहून आखायचं असतं."

"मी तर अगदी लिहिलं होतं तसंच केलं."

"म्हणूनच."

मग पोस्टमन म्हणाला, "म्हणजे मी आज संध्याकाळपर्यंत चाललो असतो."

"हो."

"आणि मला काही कळलं नसतं."

"नाही."

फोन ठेवला आणि दादा उठून मागच्या मोरीत गेला. त्याला उलटी झाली. मी त्याचं कपाळ धरून उभी राहिले. केस पार पांढरे झालेला माझा मोठा भाऊ, लहान मुलासारखं डोकं माझ्या हातांत टाकून वाकला होता. मला त्याचा राग आला, माया आली, दोन्ही एकदम आलं. "झालं रे," मी म्हणत राहिले. "सापडला ना तो! त्या पोरीच्या साइटमुळे तर सापडला. नऊच्या नऊ मिळाले. दुकानातून नेले असते तर कुठे शोधणार होतास?" बाहेर वकील आता मोकळेपणी रडत होती आणि रडता रडताच पोस्टमनच्या नावापुढे हिरवी खूण करत होती.

दादाने तोंड धुतलं, पंच्याने पुसलं आणि तिच्यामागे येऊन उभा राहिला. स्क्रीनवरच्या नऊ हिरव्या खुणा त्याने एकेक करून बघितल्या.

"या दोघांच्या खुणा काढ," तो म्हणाला.

"का? त्यांनी कळवलंय बाबा. छान बसतात, काही त्रास नाही."

"हे कुणी लिहिलंय?"

"त्यांनीच." ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिचा हात थांबला.

"ज्यांचे पाय मुके, त्यांनीच ना?"

मी मशीनवरून उठले. काही त्रास नाही. छान बसतात. मघाशी तेच वाचून मी सुस्कारा सोडला होता.

वकिलीने आजोबांचा नंबर लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला, आवाज अगदी खुशीत. "अहो, कशाला एवढी काळजी करता? मी मजेत आहे. जोडे कपाटात ठेवलेत."

"आजोबा," दादाने फोन तिच्या हातातून घेतला. "घरात दुसरं कुणी आहे का? सून, नातू, शेजारी, कुणीही. त्यांना फोन द्या."